ब्लँकेट दिलं, पण ठेवायचं कुठे?

डिसेंबरातली रात्र होती. आमच्या स्टेशनबाहेर त्या एका रात्रीत तीन वेगवेगळ्या गाड्या येऊन ब्लँकेटं वाटून गेल्या. पुलाच्या जिन्याखाली झोपणाऱ्या एका बाबांच्या वाट्याला तीन आली. एक त्यांनी खाली अंथरलं, एक पांघरलं, तिसरं उशाला घेतलं. आम्ही चहाची किटली घेऊन पोचलो तेव्हा ते खुशीत होते.

पाच-सहा दिवसांनी पुन्हा गेलो, तर अंगावर नुसतं गोणपाट.

"बाबा, ब्लँकेटं कुठं गेली?"

"कामावर जाताना कुठं ठेवू ती? खांद्यावर टाकून भांडी घासू?"

बाबा एका केटररकडे भांडी घासायला जात. लग्नसराईत रोज काम मिळे. जाताना त्यांनी तिन्ही ब्लँकेटांची वळकटी करून, वर प्लास्टिक बांधून, जिन्याखाली सरकवून ठेवली होती. फुटपाथ मोकळा करणारी गाडी आली आणि सगळ्यांच्या सामानाबरोबर तीही घेऊन गेली. वळकटीच्या आत एक पिशवी होती. तिच्यात गावाकडचं जुनं रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या आणि मुलीच्या लग्नाचा एक फोटो. ब्लँकेटांबद्दल बाबा फारसं बोलले नाहीत. त्या पिशवीबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज बसला.

बेघर माणसाची सोय करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या वळकटीपासून समजायला लागलं. तोवर मीही समजत होतो की अन्न, पांघरूण आणि जमलंच तर चार पैसे दिले की झालं. पण बेघर असण्यात छप्पर नसण्याखेरीज इतकं काही असतं, की ते नीट पाहिल्याशिवाय आपली मदत चुकीच्या ठिकाणी जाऊन पडते. म्हणून हा विषय जरा उलगडून सांगतो.

बेघर कोणाला म्हणायचं?

झोपडी असलेला माणूस सरकारच्या लेखी बेघर नसतो. त्याचं घर कच्चं असेल, बेकायदा असेल, पण जनगणनेत ते घर म्हणून नोंदलं जातं. बेघर म्हणजे जो कुठल्याच इमारतीत किंवा घरात राहत नाही तो. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर किंवा मोठ्या सिमेंटच्या पाइपात राहणारा. जनगणनेच्या व्याख्येत पाइपाचा उल्लेख खरोखरच आहे.

या लोकांची मोजणी दारोदार फिरून होत नाही, कारण दारच नसतं. २०११ च्या जनगणनेत त्यांना २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत मोजलं गेलं. देशभरात १७ लाख ७३ हजार लोक निघाले. त्यांतले ९ लाख ३८ हजार शहरांत होते. आधीच्या दहा वर्षांत खेड्यांतल्या बेघरांची संख्या कमी झाली होती आणि शहरांतली सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या पुढे आणि एकट्या मुंबईचा ५७ हजारांच्या पुढे. एका रात्रीत, अंधारात, आडोसा शोधून झोपलेली माणसं मोजायची म्हटल्यावर किती तरी सुटून जाणार हे उघड आहे. त्यामुळे हे आकडे किमान समजावेत.

आता एक गैरसमज आधीच बाजूला ठेवू. फुटपाथवर झोपणारा म्हणजे भिकारी, असं आपण सहज धरून चालतो. माझ्या ओळखीच्या जिन्याखालच्या अकरा माणसांत भीक मागणारे दोघे होते, एक आंधळे आजोबा आणि त्यांचा हात धरून चालणारी त्यांची बायको. बाकीचे केटरिंगला जाणारे, नाक्यावर उभे राहून बिगारीचं काम धरणारे, बाजारात हमाली करणारे, भंगार वेचणारे. एक बाई पहाटे फुलबाजारातून फुलं आणून गजरे करायची. कमाई होती, पण खोलीचं भाडं आणि त्याआधी भरायचं डिपॉझिट परवडेल एवढी नव्हती. शिवाय मजुरीचं काम शहराच्या मधोमध मिळतं आणि परवडणारी खोली मिळते दोन तासांच्या अंतरावर. जाण्यायेण्यात मजुरीतला मोठा भाग संपतो आणि पहाटेचा नाका चुकतो. म्हणून माणूस कामाजवळच पथारी टाकतो.

मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या आसपास दिसणारे बेघर तर आणखी वेगळे. ते गावाकडे घर असलेले लोक आहेत. घरातल्या कोणाला तरी कॅन्सर झाला, उपचार महिनोन्‌महिने चालणार, दर काही दिवसांनी तपासणीला यायचं आणि शहरात ओळखीचं कोणी नाही. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेली, शेजारी स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. आजाराने या माणसांना तात्पुरतं बेघर केलेलं असतं, आणि पैसे संपले, जमीन विकली गेली की तात्पुरतं हा शब्दही पुसला जातो.

झोप, सामान, संडास

घर नसलं की पहिली जाते ती झोप. दुकानांची शटरं खाली येईपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकरापर्यंत ओटा रिकामा होत नाही. पहाटे पाचला झाडूवाले येतात, दुधाच्या गाड्या येतात, उठावं लागतं. मधल्या पाच तासांतही डोळा लागला तर चोरीची भीती. चपला उशाखाली ठेवायच्या, मोबाइल आणि पैसे आतल्या कपड्यांत. तरी ब्लेडने खिसा कापून नेतात. बायका तर आळीपाळीने झोपतात. एक जागी राहते, दुसरी तास-दोन तास पाठ टेकते. दुपारी बागेत किंवा फलाटावर आडवा झालेला माणूस दिसला की आपल्या तोंडून "बघा, दिवसाढवळ्या लोळतोय" असं सहज निघून जातं. तो रात्रीची राहिलेली झोप पुरी करत असतो. चार-सहा महिने अशी तुटक झोप मिळाली तर धडधाकट माणूसही चिडका होतो, विसरायला लागतो, कामावर चुका करतो. रात्री झोप लागावी म्हणून दारूकडे वळलेले मी पाहिलेत, आणि नंतर ती सुटत नाही हेही पाहिलंय.

सामानाचं वर सांगितलंच.

संडास आणि आंघोळ हा विषय पुरुष सहसा बोलत नाहीत, बायका विश्वास बसल्यावर बोलतात. सार्वजनिक शौचालयात दर खेपेला पैसे, आंघोळीला वेगळे पैसे, कपडे धुवायला बहुतेक ठिकाणी बंदी. अनेक शौचालयं रात्री कुलूपबंद. गजरेवाली बाई संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नसे. मी तिला एकदा पाण्याची बाटली द्यायला गेलो तर तिने हसून नको म्हटलं. सोबतच्या ताईने नंतर मला कारण सांगितलं. पाणी देणं हे पुण्याचं काम, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण प्यायलेल्या पाण्यासाठी पुढे सुरक्षित जागा लागते, हे मला पन्नाशीत कळलं.

कायदा काय सांगतो

बेघरांचा प्रश्न न्यायालयात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गाजला तो मुंबईतूनच. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण उपजीविका काढून घेतली की माणूस जगू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल आजही जागोजागी दाखल्यासाठी वापरला जातो. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र त्याच निकालात मान्य झाला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असं न्यायालयाने सांगितलं. तत्त्व जिंकलं, पण फुटपाथवरची झोपडी टिकली नाही.

पुढचं मोठं वळण २०१० सालचं. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला चालू होता. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता रात्रनिवारा पाडला गेला, उघड्यावर माणसं गारठून मेली, आणि हा विषय त्याच खटल्यात न्यायालयापुढे आला. भूक आणि थंडी यांना वेगळं काढता येत नाही, उपाशी अंग थंडी सोसू शकत नाही, हे न्यायालयापुढे मांडलं गेलं. मग शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा उभारा, तो बाराही महिने आणि चोवीस तास चालू ठेवा, असे आदेश निघाले.

२०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण ते नुसत्या छपरावर थांबत नाहीत. माणशी ५० चौरस फूट जागा, म्हणजे एक खाट, तिच्या बाजूला उभं राहायला जागा आणि एक पेटी ठेवायला कोपरा. पिण्याचं पाणी, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकाची सोय, प्रथमोपचार, गाद्या-चादरी-ब्लँकेटांची नियमित धुलाई, लहान मुलं असतील तर अंगणवाडीशी जोडून देणं. निवारा स्टेशन, एसटी स्टँड, बाजार अशा ठिकाणांच्या जवळ असावा, जिथे ही माणसं मुळातच गोळा होतात आणि काम करतात. कागदावर हा चांगला पाहुणचार आहे.

याच्या बरोबर उलट दिशेने ओढणारा एक कायदा महाराष्ट्राला ठाऊक असायला हवा, १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम. त्यात भीक मागणारा कोण, याची व्याख्या इतकी सैल आहे की उदरनिर्वाहाचं उघड साधन न दिसणारा, सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिच्यात बसवता येतो. पहिल्यांदा पकडल्यावरच एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्लीत लागू असलेली याच कायद्याची अनेक कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता. म्हणून रात्री कोणी गाडीतून उतरून "चला, तुमची सोय करतो" म्हणालं की अनेक बेघर माणसं पळतात. त्यांना वाटतं, धरायला आले.

निवारे अर्धे रिकामे का राहतात?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की बघा, सोय केली तरी यांना रस्ताच आवडतो. मी एका निवाऱ्यात वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी जात होतो. तिथे जे दिसलं ते सांगतो.

तो निवारा स्टेशनपासून चार किलोमीटरवर होता. पहाटेच्या नाक्याला पोचायचं तर साडेचारला निघायला हवं, आणि दार सहाला उघडायचं. रात्री नऊनंतर आत घेत नसत. केटरिंगचं काम संपतं बाराला. म्हणजे जो कामाला जातो त्याच्यासाठी निवारा बंद आणि जो जात नाही त्याच्यासाठी उघडा. पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या आंधळ्या आजोबांना आणि त्यांच्या बायकोला वेगळं राहायला सांगितलं गेलं. चाळीस वर्षं त्या बाईने त्यांचा हात धरून रस्ता दाखवलेला. दोघं निमूटपणे पुलाखाली परत गेली. यात नकार देण्यासारखं त्यांनी काय केलं?

कुत्रा चालत नव्हता. सामान एका पिशवीपुरतं. भंगारवाल्याची हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी असेल याची खात्री नाही, आणि ती त्याची रोजीरोटी. आधारकार्ड नसेल तर दारातच अडवणूक. गाद्यांत ढेकूण. आणि काळजीवाहकाचा आवाज. हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांहून मोठा आहे असं माझं मत बनलंय. "ए, नाव काय तुझं? दारू पिऊन आलास का?" अशी सुरुवात झाली की पन्नाशीचा माणूस एकदा येतो, पुन्हा येत नाही.

पुढे तिथे नवे काळजीवाहक आले. तेही पूर्वी काही वर्षं रस्त्यावर काढलेले. त्यांनी इमारतीत काही बदल केला नाही, तेवढे पैसेच नव्हते. त्यांनी दाराशी एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवला. येणाऱ्याला आधी बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, नोंदवही नंतर. वहीत नाव लिहिताना "काका, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" असं विचारायचे. रात्री उशिरा येणाऱ्या केटरिंगवाल्यांची यादी करून त्यांच्यासाठी दार उघडायला स्वतः उठायचे. एका भिंतीला त्यांनी जुनी लोखंडी कपाटं मिळवून लावली, प्रत्येक खणाला वेगळं कुलूप, किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. तीन महिन्यांत निवारा भरला. मी त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "किल्ली, साहेब. किल्ली असलेला माणूस परत येतो."

आपल्याकडे हे शिकायला दूर जायला नको

आषाढात पंढरीच्या वाटेवरची गावं पाहा. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात एका रात्रीत त्याच्या कित्येक पट माणसं मुक्कामाला उतरतात. कोणाची ओळख नाही, कोणाकडे ओळखपत्र मागत नाहीत. ओसरी, पडवी, शाळा, देवळाचा मंडप, गोठ्याची रिकामी बाजू, सगळं उघडं होतं. न्हाव्याचं दुकान फुकट दाढी करतं, चांभार तुटलेली चप्पल शिवून देतो, घरातली सून कढत पाण्याने म्हाताऱ्या पायांना शेक देते. आणि प्रत्येकाला हाक एकच, माउली. त्या दिवशी त्या गावात झोपलेला माणूसही बेघरच असतो एका अर्थी. फरक असा की त्याला पाहुणा मानलेलं असतं.

गाडगे महाराजांनी हे फार खोलवर ओळखलं होतं. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि पुढे १९५६ साली देह ठेवेपर्यंत ते फिरतच राहिले. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचं गाडगं. स्वतः बेघर राहिलेल्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबर बेघरांना आसरा आहे, आणि अगदी शेवटी दुःखी व निराशांना हिंमत आहे. ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. आसरा दिल्यावरही काही द्यायचं उरतं, हे त्यांनी अनुभवाने जाणलं होतं.

मग वस्तीने, सोसायटीने काय करावं?

आधी विचारावं. आमच्या भागात शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर आणि गुरुवारी साईबाबांच्या देवळाबाहेर अन्नाची इतकी पाकिटं येतात की निम्मी कचऱ्यात जातात. सोमवारी, मंगळवारी कोणी फिरकत नाही. आम्ही नुसतं विचारलं, "कुठल्या दिवशी उपाशी झोपता?" उत्तर लगेच मिळालं आणि आमची किटली मंगळवारवर गेली. त्याच गप्पांत कळलं की जुने कपडे भरपूर येतात पण आतले कपडे कोणी देत नाही, साड्या येतात पण परकर येत नाही, बायकांना सॅनिटरी पॅड हवेत, पायाला भेगा पडलेल्यांना मलम हवंय, आणि जवळपास प्रत्येकाला नेलकटर हवंय. नेलकटर! दहा वर्षं वाटप करणाऱ्या आमच्या एकाच्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

दुसरं, बसावं. उभ्याने दिलेलं पाकीट आणि शेजारी बसून घेतलेला चहा यांत फार अंतर आहे. खाली बसलं की माणूस बोलतो, आणि बोलला की खरी गरज बाहेर येते. फोटो मात्र काढू नयेत. आपल्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्याचा आपण ताट हातात घेताना फोटो काढत नाही. एका तरुण पोराने मला सांगितलं होतं की गावात त्याने हॉटेलात मॅनेजर आहे असं सांगितलंय, आणि कोणाच्या तरी मोबाइलवरून त्याचा फोटो गावात पोचला तर तो परत तोंड दाखवू शकणार नाही.

सामान ठेवायला जागा देणं हे मी सगळ्यांत वर ठेवीन. देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या, गणेश मंडळाच्या खोलीत दहा कुलूपबंद खण एवढ्याने दहा माणसं सकाळी हात मोकळे घेऊन कामाला जाऊ शकतात. सोसायटीच्या गच्चीवरचा ड्रायव्हर-वॉचमनसाठीचा संडास आठवड्यातून दोन दिवस सकाळी बायकांना आंघोळीसाठी उघडता आला, तर त्याची किंमत दोन बादल्या पाणी. आमच्या सोसायटीत यावर दोन सभा झाल्या, मोठा वाद झाला, शेवटी एका ज्येष्ठ काकूंनी "मी स्वतः दाराशी बसते" म्हटल्यावर मंजूर झालं. गेली दीड वर्षं चालू आहे. काकू अजून बसतात.

जेवणासाठी शासनाची शिवभोजन थाळी आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जवळचं केंद्र कुठे आहे आणि चालू आहे का, हे स्वतः जाऊन पाहून मगच सांगावं. फुकटापेक्षा दहा रुपये देऊन बसून जेवणं अनेकांना बरं वाटतं.

काही फोन नंबर प्रत्येकाकडे असावेत. एकटं मूल दिसलं तर १०९८. सोडून दिलेले आजी-आजोबा दिसले तर १४५६७. आजारी, बेशुद्ध माणसासाठी १०८.

मनाचा आजार असलेल्या बेघर माणसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. स्वतःशी बोलणारा, जटा झालेला, अंगावर कपड्यांचे थर चढवलेला माणूस रस्त्यात दिसला की आपण पलीकडच्या फुटपाथवर जातो. बऱ्याचदा तो स्किझोफ्रेनियाने आजारी असतो आणि त्या आजारावर औषधं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याची हरवलेला म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही त्यात आहे. पोलिसांना सांगताना या कलमाचा, म्हणजे कलम १०० चा उल्लेख केला तर काम सोपं होतं.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिलं आणि त्याला आपल्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं, तो आंध्रातला पदवीधर होता, घरचे त्याला शोधत होते. तिथून १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली, पुढे २००६ पासून कर्जतला मोठं केंद्र झालं, आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे उपचार घेऊन हजारो माणसं देशाच्या कानाकोपऱ्यातल्या आपल्या घरी पोचली आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या आजारी बायकांना सांभाळते. तिथल्या अनेक बायकांवर रस्त्यावर अत्याचार झालेले असतात, काहींच्या कडेवर त्यातून झालेली मुलं असतात. संस्थेच्या नावातला माउली हा शब्द पंढरीच्या वाटेवरचाच आहे.

पत्ता

शेवटी कागद. बेघर माणसाचं सगळ्यांत अवघड दुखणं. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी रोखीत आणि रोख रात्री चोरीला. यावर कायद्यात वाटा आहेत, फक्त त्या कोणी सांगत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. आणि मतदार यादीत नाव घालायला तर बेघर माणसाला पत्त्याचा कुठलाही कागद लागत नाही. अर्ज क्रमांक ६ भरायचा, त्यात आपण जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री स्वतः तिथे येऊन पाहतात, माणूस खरोखर तिथे झोपतो का. एकाहून अधिक रात्री येऊन पाहायचं, असा नियम आहे. खात्री झाली की पुरावा संपला.

वळकटी गेलेल्या त्या बाबांचा हा अर्ज आम्ही भरला. पत्त्याच्या रकान्यात पुलाचं नाव आणि पूर्वेकडच्या जिन्याखाली, असं लिहिलं. बाबांनी ते तीनदा वाचून घेतलं.

बीएलओ एक शिक्षिका होत्या. पहिल्या रात्री अकराला नवऱ्याला सोबत घेऊन स्कूटरवर आल्या, बाबांना पाहिलं, टिपून घेतलं, पुन्हा येते म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला कधी येणार ते त्यांनी सांगितलं नव्हतं. म्हणून पुढचे चार दिवस बाबांनी रात्रीचं केटरिंगचं काम धरलं नाही. रोज संध्याकाळी जिन्याखालची जागा झाडून घेत, पाणी शिंपडत, आणि वर्तमानपत्राची एक कोरी घडी बाजूला ठेवत.

पाचव्या रात्री बाई आल्या. बाबांनी वर्तमानपत्र पसरलं, हाताने सारखं केलं आणि म्हणाले, "बसा मॅडम. दमला असाल. पाणी घ्या आधी."

बाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग चपला बाहेर काढून, पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकून, आत येऊन बसल्या.